सद्भावनेपोटी

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. वायरने भिंतीला बांधलेला, करड्या रंगाचा, बटणांवरचे आकडे पुसत आलेला. माझ्यातून आजवर हजारो आवाज गेले. रडणारे गेले, भांडणारे गेले, चुकीचा नंबर लावून शिव्या देणारेही गेले. त्यांतल्या कुणाचाच मला राग नाही. तिटकारा आहे तो फक्त एका जातीच्या आवाजांचा, तोंडात साखर धरून खोटे बोलणाऱ्यांचा.

माझा जन्म सिंगापुरात आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात झाला. तिथे पुण्याहून आलेले एक तरुण इंजिनियर होते, पद्माकरराव. तयार झालेला फोन कानाला लावून तपासणे हे त्यांचे काम. त्यांनी मला तपासले, पसंत केले आणि कामगारांच्या सवलतीत विकत घेऊन क्वीन्सटाउनमधल्या आपल्या फ्लॅटवर आणले. त्यांच्या पत्नी सुलेखाबाईंनी माझ्याखाली क्रोशाचा रुमाल घातला. त्यांची मुलगी अनुया जन्मली ती बातमी मीच पुण्याला पोचवली. पाहुणे आले की म्हणत, "काय स्वच्छ आवाज आहे हो तुमच्या फोनचा!" आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

पुढे मोबाइल आले. माझ्यावर किल्ल्या पडू लागल्या, जुनी वर्तमानपत्रे साचू लागली. मी धूळ खात राहिलो. पण साठीच्या सुमारास पद्माकररावांचे कान अधू झाले. मोबाइलचा चिरका आवाज त्यांना कळेना. माझा स्पीकर मात्र दणदणीत होता. त्यांनी मला पुसले, स्पीकरचे बटण दाबले, आणि त्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक फोन दिवाणखान्यात सर्वांसमक्ष होऊ लागला. म्हणून ही हकिकत मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ठाऊक आहे.

तोवर त्यांची कंपनी बंद झाली होती. ते लहान कारखान्यांची यंत्रे तपासून देण्याचे स्वतःचे काम करत. सुलेखाबाईंचे गुडघे गेले होते. न्हाणीघराचा उंबरा चढताना त्या दोनदा पडल्या. न्हाणीघर नव्याने बांधून घ्यायचे ठरले आणि कर्जाची गरज पडली.

आता प्रबोधविषयी सांगतो. प्रबोध बँकेत नोकरी करणारा पुण्याचा तरुण. सिंगापुरात नवा आला तेव्हा त्याची इथे ओळखदेख नव्हती. सुलेखाबाईंनी त्याला दिवाळीला जेवायला बोलावले आणि तो घरचाच झाला. काका, काकू म्हणे. रविवारी पद्माकररावांना बोटीने पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला नेई. आपली बँक कर्ज देईल, कागदपत्रांचे मी बघतो, असे तोच म्हणाला. पद्माकररावांचा पगार नाही, स्वतःचा धंदा आहे, हे अर्जावर त्यानेच भरले. मग एके दुपारी त्याचा फोन आला.

"काका, कर्ज मंजूर! फक्त त्याबरोबर एक विमा घ्यायचाय. तुमचं काम थांबलं, आजारी पडलात, तर हप्ते विमा कंपनी भरेल."

"घ्यावाच लागतो का रे?" पद्माकररावांनी विचारले.

"सगळ्यांनाच लागतो, काका. त्याशिवाय कर्ज सुटत नाही. मी तुम्हाला वाईट सल्ला देईन का?"

पद्माकररावांनी विमा घेतला. त्याचे पैसे कर्जातच मिळवले गेले आणि त्यांवरही व्याज चालू झाले.

न्हाणीघर छान झाले. वर्षभराने पद्माकररावांच्या मणक्याचे ऑपरेशन झाले आणि काम थांबले. त्यांनी मोठ्या विश्वासाने बँकेला फोन लावला. पलीकडून पियानोचे पाणचट सूर वाजू लागले आणि मधूनमधून एक यंत्र सांगू लागले, की आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मित्रांनो, महत्त्वाचा फोन लोक उचलतात. बऱ्याच वेळाने एक बाई आल्या. बँकेशी बोलणे इंग्रजीत होई, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"सर, हा विमा फक्त पगारदार नोकरांसाठी आहे. आपला तर स्वतःचा व्यवसाय आहे."

"मग मला विकला कशाला? आणि तो सक्तीचा का होता?"

"सक्तीचा कधीच नव्हता, सर. तो आपण आपल्या इच्छेने घेतलात."

पद्माकररावांनी स्पीकर बंद केला. सुलेखाबाई भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले होते. "प्रबोधला माहीत नसेल," त्या म्हणाल्या. मला हसू आले असते, पण टेलिफोनला फक्त वाजता येते.

पद्माकररावांनी तक्रार केली. काही आठवड्यांनी बँकेचे एक अधिकारी बोलले. इतके मऊ बोलणे मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते. बँकेची काही चूक नाही, पण आपण जुने ग्राहक आहात, म्हणून सद्भावनेपोटी विम्याचे अर्धे पैसे परत देऊ, असे ते म्हणाले. फक्त एका कागदावर सही हवी. त्या कागदात एक वाक्य होते: मला विम्याची सर्व माहिती नीट देण्यात आली होती आणि माझी कोणीही दिशाभूल केलेली नाही.

"म्हणजे तुमच्या मते निम्मीच फसवणूक झाली?" पद्माकररावांनी विचारले.

"फसवणूक हा शब्द आम्ही वापरत नाही, सर."

शब्द वापरत नव्हते. कामात मात्र पटाईत होते!

त्या संध्याकाळी आंग मो किओला राहणाऱ्या अनुयाचा फोन आला. ती इथेच शिकलेली, इथेच वाढलेली. "बाबा, टेक इट ला! घ्या ते पैसे, फिनिश ऑलरेडी. बँकेशी भांडून कोण जिंकतं?"

"जिंकायचं नाहीये मला. खोट्यावर सही करायची नाहीये."

प्रबोधचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी, पद्माकरराव फिजिओथेरपीला गेले असताना. वेळ साधून केला असणार. "काकू, काकांना समजवा ना. माझी चौकशी चालू आहे. माझा इथे राहायचा पास या नोकरीवर आहे. नोकरी गेली तर मला आणि ऋताला देश सोडावा लागेल."

ऋता त्याची बायको. लग्नानंतर ती प्रथम सिंगापूरला आली तेव्हा तिची ओटी सुलेखाबाईंनीच भरली होती. त्या म्हणाल्या, "तुला माहीत होतं का रे, तो विमा काकांच्या उपयोगाचा नाही ते?"

"काकू, दर महिन्याला इतके विमे खपवायचे असतात आम्हाला. तुम्हाला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतं, की मी विचारलं एक आणि तू सांगितलंस भलतंच."

पद्माकरराव घरी आल्यावर सुलेखाबाईंनी त्यांना सगळे सांगितले. पद्माकररावांनी उलट फोन केला. "प्रबोध, जे झालं ते खरं खरं सांग. ही चूक तुझ्या एकट्याची नाही, वरून दबाव होता, असं मी स्वतः बँकेला सांगेन. तुझी नोकरी घालवायची नाहीये मला."

"बघतो, काका," प्रबोध म्हणाला.

त्याने काय बघितले ते पुढे कळले. पद्माकरराव बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या केंद्राकडे गेले, तशी बँकेची सद्भावना एकाएकी दुप्पट झाली. आता सगळे पैसे परत, व्याज मात्र नाही, आणि ते वाक्य जसेच्या तसे. पद्माकरराव कागद पुढ्यात घेऊन बसले. पाठ दुखत होती, काम अजून सुरू झाले नव्हते, हप्ते थांबत नव्हते. त्यांनी पेन उघडले.

"थकलो ग मी," ते म्हणाले.

सुलेखाबाईंनी पेनाचे टोपण उचलून त्यांच्या हाती दिले. "थकलात तर पडा जरा. सही काय, उद्याही करता येते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली नाही.

केंद्रातली सुनावणी फोनवरून झाली. पद्माकररावांनी कानांमुळे तशी विनंती केली होती. मी टेबलाच्या मधोमध होतो, दोघे दोन बाजूंना. सुनावणी घेणाऱ्या एक चिनी बाई होत्या, शांत आणि मोजके बोलणाऱ्या. बँकेकडून ते मऊ आवाजाचे अधिकारी होते आणि प्रबोध होता.

बाईंनी प्रबोधला विचारले, तेव्हा तो इंग्रजीत घडाघडा बोलला. "ग्राहकाने विम्याबद्दल स्वतःहून विचारणा केली. विमा ऐच्छिक असल्याचे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ग्राहकाने विचारपूर्वक होकार दिला."

ग्राहक! ज्यांच्या ताटातले श्रीखंड चाटून पुसून खाल्ले, ते काका आज ग्राहक झाले होते. पद्माकरराव खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेल्या सुलेखाबाई माझ्याजवळ वाकल्या.

"प्रबोध, मी काकू बोलतेय. आत्ता जे बोललास ना, तेच मराठीत सांग."

पलीकडे कागद सळसळले.

"एकदाच सांग. काका म्हण, आणि मग सांग."

"हे नियमाला धरून नाही," बँकेचे अधिकारी म्हणाले. त्यांचा मऊपणा कुठल्या कुठे गेला होता.

"बाई काय म्हणाल्या?" सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारले. पद्माकररावांनी सांगितले. "मग मलाही उत्तर ऐकायचे आहे," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

मला प्रबोधचा श्वास ऐकू येत होता.

"काका..." तो म्हणाला. पुढे काही येईना. पुन्हा म्हणाला, "काका, मी..." आणि मग त्याचा आवाज फुटला. "तुम्ही विचारलं होतंत. घ्यावाच लागतो, असं मीच म्हटलं होतं."

बाईंच्या सांगण्यावरून त्याने तेच इंग्रजीत पुन्हा सांगितले. बँकेच्या अधिकाऱ्यांना लगेच मध्यंतर हवेसे झाले.

पद्माकररावांना सगळे पैसे व्याजासह मिळाले आणि ते वाक्य कागदावरून गेले. त्या जागी बँकेने लिहिले, की ही एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक होती. पद्माकररावांनी त्या अधिकाऱ्यांना फोन केला. "विमे खपवायचा हुकूम तुमचाच होता ना? एकट्या पोराच्या माथी कशाला मारता? आणि माझ्यासारखे आणखी किती जण आहेत?"

"ती माहिती आम्ही देऊ शकत नाही, सर. आपला दिवस चांगला जावो."

मित्रांनो, प्रबोधची मला चीड आहे. पण तो निदान अडखळला. हे गृहस्थ कधी अडखळलेच नाहीत. त्यांच्यासाठी माझ्याकडे चीडसुद्धा नाही, फक्त किळस आहे.

प्रबोधची नोकरी गेली. देश सोडण्याआधी त्याने फोन केला. फोन कुणाचा असणार ते ओळखून पद्माकरराव उठून आत गेले. सुलेखाबाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, स्पीकर लावला नाही.

"काकू, रागावलात?"

"रागावले असते तर फोन घेतला नसता. विश्वास उडालाय माझा, ते वेगळं." त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. "शेवटी खरं बोललास, ते बरं केलंस. सुखरूप जा. ऋताला जप." आणि त्यांनी रिसीव्हर हलकेच खाली ठेवला. मग बराच वेळ त्या माझ्यावरची धूळ पदराने पुसत राहिल्या. खरे तर माझ्यावर धूळ नव्हती.

मी आता थकलो आहे. माझी दोन बटणे अडकतात. उद्या मला कुणी भंगारात टाकले तरी माझी तक्रार नाही. माझे मागणे माझ्यासाठी नाहीच. मित्रांनो, तुमच्या घरी कानांनी अधू झालेले कुणी असेल आणि त्यांना बँकेचा, विम्याचा फोन आला, तर हातातला खेळ ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. पलीकडचा आवाज फारच गोड लागला, तर आणखी थोडे जवळ सरका.