आजी येईपर्यंत

सुहासिनीबाईंनी गोपिकेची बोटं खिडकीच्या गजावरून एकेक करून सोडवली. एक सुटलं की दुसरं परत घट्ट बसे. बाहेर शिपाई टांगलेला रुळाचा तुकडा दणादण बडवत होता. पहिलीची एकतीस मुलं मैदानातल्या खंदकात कोपरं टेकून पालथी पडली होती, कानांत बोटं, दातांत रुमाल. बत्तिसावी इथे वर्गात होती. मांडीवर दप्तर घेऊन, कीर्तनाला लवकर येऊन जागा धरावी तशी.

"अगं, वरून विमान आलं तर? ऊठ."

"आजी आली का उठीन."

"आजी घरी आहे."

"येते ना मंग."

पोरगी रडत नव्हती, हट्टही करत नव्हती. बाईंनी शेवटी तिला उचललं, तोवर बाहेरचे टोल संथ झाले होते. धोका टळल्याची ती खूण, सराव संपला होता. मुलं कपडे झटकत परत येत होती. हे तिसऱ्यांदा झालं होतं.

शाळा सुटली तेव्हा जिजाबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्या रोजच अर्धा तास आधी येत. सून बाळंतपणाला माहेरी, मुलगा चंद्रभान सकाळीच सायकल मारत वाडीच्या गोदामात कामाला. नातीला सांभाळायला त्या गाव सोडून प्रताप नगरात आल्या होत्या, आणि आठ दिवसांत इथेही लढाई येऊन ठेपली. म्हणजे लढाई होती सरहद्दीवर, पण सोनेगावच्या विमानतळावरून विमान उडालं की खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद थरथरत, आणि जिजाबाई त्या विमानालासुद्धा दोन शब्द सुनावत.

बाईंनी सगळं सांगितलं. जिजाबाईंनी पदर सारखा केला. चेहऱ्यावर काळजी यायला हवी होती, ती आली नाही.

"मीच शिकवलं तिले. काटोलच्या बाजारात हरवली होती, चार वर्साची. दोन घंटे संत्र्याच्या ढिगापाशी बसून राह्यली, हलली नाही. दुसरं पोट्टं असतं तं अमरावतीले पोचलं असतं!"

ही गोष्ट त्यांची एवढ्यात अर्ध्या वस्तीला सांगून झाली होती. जिने ऐकली नव्हती, तिच्या दारात त्या पालक निवडायला बसत.

"बाजारात ते बरोबर होतं, आजी. इथे उलटं आहे," बाई म्हणाल्या. "वर्गावर कौलं आहेत. खाली आली, तर बसून राहणारं पोर पहिलं सापडेल."

"मी येईन ना. घंटा ऐकली का धावत येईन. घर काही लांब नाही."

"तुम्ही रस्त्यात असाल, आणि ती तुमची वाट बघत आत."

"तं तुम्ही उचला. पगार कायचा घेता?"

बाई रागावल्या नाहीत. दमल्या होत्या. "मी एकीला उचलायला आत गेले, तर बाहेर एकतीस जणांजवळ कोणी नसतं. गुरुवारी पुन्हा सराव आहे. तिला तुम्हीच सांगा. तुमचा शब्द माझ्याने मोडवत नाही."

"माझा शब्द चंद्रभानच्या बापानं बी कधी मोडला नाही. तुमच्यानं काय मोडन," जिजाबाई म्हणाल्या आणि नातीचं बोट धरून चालू लागल्या.

पुढच्या वळणावर त्यांनी सुरुवात केली. "घंटा झाली का सगळ्या पोरीईसंगं निघायचं."

"तू आली का."

"मी नाही आली तरी."

गोपिका खुदकन हसली. "तू येतेच."

बुधवारपर्यंत त्यांनी सगळं करून पाहिलं. गुळाच्या पोळ्या कबूल केल्या, पाठीत धपाटा घालीन म्हटलं. पोर मान डोलवी आणि शेवटी तेच विचारी, "पन तू येशीन ना?" इतका विश्वास माणसाला चुलीपुढे घाम फोडतो.

बुधवारी संध्याकाळी त्या भाकरी थापत होत्या. गोपिका समोर बसून पिठाच्या गोळीची चिमणी करत होती.

"गोपे, त्या दिवशी काटोलले तू नाही हरवली."

चिमणीला चोच फुटत होती.

"तो दलाल आपल्या संत्र्याईले आंबट म्हणे. मी भांडली. असा राग आला, का तशीच तणतणत येष्टीत जाऊन बसली." त्यांनी भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तुले विसरली मी. दोन फाटे गेले, तवा ध्यानात आलं. मंग उतरली अन् पळत आली. लोकाईले मी खोटंच सांगत आली."

"मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू येष्टीत चढली ते. मी पाह्यलं. खिडकीपाशी बसली होती तू."

तव्यावरची भाकर उलटायची वेळ झाली आणि गेली.

"मंग आवाज काहून नाही देल्ला वं?"

"तूच म्हणे ना. हलू नको अन् वरडू नको, लोकं नावं ठेवतात."

जिजाबाईंनी करपलेली भाकर उतरवली आणि आपल्या ताटात ठेवली. दुसरा गोळा हाती घेतला. तो बराच वेळ तसाच मळत राहिल्या. एवढ्याशा पोरीने गाडीची धूळ खाली बसेपर्यंत काय पाहिलं असेल, आणि त्यानंतरही रात्री आपल्याच कुशीत येऊन कशी झोपली असेल? धुराचं निमित्त होतं, त्यांनी डोळे पदराने पुसले.

"तं ऐक. ते माझं बोलणं चुकलं. मी मागं घेतलं."

गोपिकेने वर पाहिलं. "दोन्ही? हलू नको बी, अन् वरडू नको बी?"

"दोन्ही."

"अन् तू नाही आली तं?"

जिजाबाईंनी गोळा परातीत थापायला घेतला. "तं बाई आहेत ना. त्या मोजतात तुम्हाले. मी नाही मोजलं, त्या मोजतात."

गुरुवारी यायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. दहा वाजता त्या शाळेच्या काटेरी तारेपलीकडे, रस्त्याकडेच्या बाभळीमागे उभ्या होत्या. बाभूळ त्यांच्याहून बारीक होती.

रूळ वाजू लागला. दारातून मुलं बाहेर पडली, दोघादोघांनी हात धरून. पाचवी जोडी गेली. सातवी गेली. जिजाबाईंनी बाभळीची साल नखाने उकरली. नवव्या जोडीत गोपिका होती. तिने दारात थांबून एकदा मागे वर्गाकडे पाहिलं, मग जोडीदारणीचा हात ओढत पळाली आणि खंदकात उतरली. कोपरं टेकली, रुमाल दातांत धरला. बाई काठावरून बोट नाचवत मोजत होत्या, आणि या वेळी मोजून झाल्यावर त्या आत धावल्या नाहीत.

जिजाबाई बाभळीआडून बाहेर आल्या. आता लपायचं कारण उरलं नव्हतं. नीट पाहावं म्हणून त्या तारेपर्यंत गेल्या.

खंदकातून एक डोकं वर आलं. रुमाल तोंडातून निघाला.

"आजी!"

मुख्याध्यापक वळले. सरावाला आलेला खाकीतला माणूस वळला. रस्त्यावरच्या सायकलवाल्याने पाय टेकला.

"उभी काहून आहे वं? आडवी पड!"

जिजाबाईंना असं चारचौघांत सांगणारं माणूस अजून जन्मलं नव्हतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लुगडं आजच धुतलेलं होतं. सुहासिनीबाईंनी मान खाली घातली.

"पड ना, आजी! पड!" गोपिका आता बेंबीच्या देठापासून ओरडत होती. आवाज फाटत होता.

जिजाबाईंनी पदर खोचला. एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि रस्त्याच्या कडेच्या फुफाट्यात त्या पालथ्या झाल्या.

"कोपरं टेक!"

त्यांनी कोपरं टेकली.