तीच जुनी गोळी

सुमतीने नवऱ्याच्या, केशवच्या, तोंडाजवळ नाक नेलं. वास नव्हता. पण चप्पल काढायलासुद्धा त्याला भिंत धरावी लागत होती.

"कुठं घेतली?"

केशवला एका सुमतीच्या दोन दिसत होत्या. समुद्रपूरच्या शाळेत आज फळ्यावर लिहिताना त्याची ओळ तिरकी होत चौकटीवर गेली आणि मुलं हसली. मुख्याध्यापकांनी त्याला घरी पाठवलं. जिल्ह्यात दारूबंदी असली तरी दारू कुठे मिळते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी काय विचारून राह्यली?"

त्याने आठवून पाहिलं. डोकं नुसतं गरगरत होतं.

"घेतली असन," तो जड जिभेने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीने तिच्या भावाला, धनंजयला, बोलावलं. व्यसन सोडवायचं म्हणून दोघांनी केशवला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यांसमोरून बोट फिरवलं. बुबुळं थरथरत मागे येत होती.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"फिटची एक, लहानपणापासून," सुमती म्हणाली. "अन् मागच्या महिन्यापासून टीबीच्या."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दुपारी रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "फिटच्या गोळीचा निचरा यकृत करतं. टीबीच्या औषधानं ते काम मंदावलंय, काहींचं जास्तच मंदावतं. डोस तोच आहे, पण आधीचा संपायच्या आत पुढचा येतो. औषध साचून साचून विषारी झालंय. फिटच्या गोळीचा डोस कमी करू, उतरेल."

"अन् दारू?"

"दारूचा काही संबंध नाही. कोण म्हणालं?"

सुमतीने केशवकडे पाहिलं.

धनंजय औषधं आणायला गेला. बाहेरच्या बाकावर दोघंच उरली. सुमती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"घेतली नव्हती, तं हो काऊन म्हटलं?"

"तुले इतकं पक्कं वाटून राह्यलं होतं. मले तं काहीच समजत नव्हतं."

समोरून एक नर्स गाडी ढकलत गेली. गाडीच्या चाकांकडे केशव बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

"म्हंजे मी घेतलीच नव्हती. हो ना, सुमती?"