रविवारचा वारा

आपली भीती आईच्या नावावर खपवायची, ही टोर्मोडची खोड जुनीच. पण या खेपेला त्यानं ती भर गावसभेत खपवली, आणि त्याच्या आईला, एफीला, ते कळलं चर्चच्या फाटकाशी, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

झालं असं की, वृद्धाश्रमातली नर्स शीना मर्डिनाची चाकाची खुर्ची ढकलत चर्चमधून बाहेर आली. मर्डिना ही एफीची थोरली बहीण. अंगावर दोन शाली, तरी नाक निळं पडलेलं. खोलीत ऊब नाही का, असं एफीनं दरडावून विचारलं. शीनानं सांगितलं, तेलावरचा बॉयलर म्हातारा झालाय, मनात आलं तर पेटतो. टेकडीवरच्या पवनचक्कीला ज्या निधीतून मदत मिळाली, त्याच निधीतून आश्रमाला विजेची हीटिंग मिळायची होती. पण निधीच्या बाई येऊन बजावून गेल्या की, गावानं कबूल केली होती तेवढी वीज चक्की देत नाही. वसंतापर्यंत सुधारलं नाही, तर ही मदत दुसऱ्या बेटाला जाईल.

"काय करणार, एफीमावशी," शीना हळूच म्हणाली, "रविवारी बंदच ठेवतात ना ती. तुम्हाला चालत नाही, असं टोर्मोडनं सभेत सांगितलं म्हणून."

एफीनं टेकडीकडे पाहिलं. वारा असा की बायका टोप्या हातानं दाबून धरत होत्या, समुद्रपक्षी पुढे जायचे ते मागेच सरकत होते. आणि वर चक्कीची तिन्ही पाती वधस्तंभासारखी ताठ. इतके महिने एफीला वाटत होतं, परमुलखातलं यंत्र आहे, आठवड्यातून एकदा दम खायला थांबत असेल.

रविवार म्हणजे देवानं सांगितलेला विसाव्याचा वार, आणि तो पाळावा तर एफीनं. बटाटे शनिवारीच सोलून ठेवायचे, दोरीवरचे कपडे अंधार पडायच्या आत काढायचे, कोंबड्यालाही त्या दिवशी विसावा, म्हणून तो टोपलीखाली. शाळा तिच्या वाट्याला फारशी आली नव्हती. नवरा समुद्रानं नेला तेव्हा तिनं मासे धुरी देऊन टिकवायचं घर उभारलं आणि तीन पोरं वाढवली. पण एका रविवारी तिथून धूर निघाला असेल तर शपथ.

टोर्मोड गावच्या वीजमंडळाचा प्रमुख. टोपी हातात धरून तो पायऱ्या उतरत होता. आईचा चेहरा पाहून तिथेच थबकला.

चर्चचे पंच काय म्हणाले असते, असं काहीतरी तो पुटपुटला. कोण म्हणालं, ते नाव एफीनं मागितलं. सभेत कुणी तोंड उघडायच्या आतच त्यानं आईला पुढे केलं होतं.

"तुझं नाव घेतलं की वाद मिटतो, आई," तो म्हणाला.

"वाद मिटला. मर्डिना गारठली."

पंच पायऱ्यांवरच थांबले. टोर्मोडनं खिशातून गाडीची किल्ली काढली. आत्ता वर जातो आणि सुरू करतो, म्हणाला.

"किल्ली ठेव. आज रविवार आहे."

त्यानं किल्ली ठेवली. एफीनं आपली काळी शाल उतरवली, मर्डिनाच्या गुडघ्यांवर पसरली आणि कडा नीट खोचल्या. मग नुसत्या कोटावर, वाऱ्यात ताठ उभी राहून, आवाज न चढवता ती लेकाला म्हणाली,

"रविवारी गाईला पान्हा फुटतो, आपण सड बांधत नाही. विसावा माणसाला सांगितलाय, वाऱ्याला नाही. दर शनिवारी टेकडी चढून चक्की बंद करायचं बटण दाबतोस ना, ते काम तुझं, चक्कीचं नव्हे. येत्या शनिवारी घरी बसायचं. आणि माझ्या तोंडचं बोलायला मी अजून जिवंत आहे, टोर्मोड."