चौथ्या चौकटीतला चेहरा

मी एक जुना काळा स्केचपेन आहे. बारा जणांच्या पाकिटात सगळ्यात आधी झिजतो तो काळाच. कडा आम्हीच ओढायच्या, केस आम्हीच भरायचे, डोळ्यांतली बुबुळंही आमचीच. माझे गुलाबी-जांभळे भाऊ अजून टवटवीत आहेत. बसून राहणाऱ्याला काय धाड भरते?

मित्रांनो, वरूडच्या मैनाबाई संत्र्यांच्या पॅकिंगला जातात. त्यांची मुलगी प्रणाली सातवीसाठी अमरावतीला मामाकडे राहायला आली, तेव्हा त्यांनी आमचं पाकीट तिला घेऊन दिलं. पोरीच्या हातात कला होती. माणूस चालतोय की पळतोय, हे ती दोन रेघांत दाखवायची. वर्गात मात्र तिच्याशी बोलायची ती एकटी मोनाली. मोनालीचा एक डोळा तिरळा होता आणि स्वभाव इतका भोळा, की कुणी डब्यातला घास मागितला तर ती अख्खा डबा पुढे करायची. पण प्रणालीला मोनाली पुरत नव्हती. तिला रागिणीच्या कोंडाळ्यात जायचं होतं. मधल्या सुट्टीत ती सारखी तिकडेच बघत बसायची.

एके दिवशी इंग्रजीच्या माधवी मॅडमनी धड्यातला एक प्रसंग दिला. बागेत शिरलेला चोर, त्याला पकडणारा मालक आणि शेवटी चोराने मागितलेली माफी. याचं चार चौकटींचं कार्टून करायचं आणि बोलणं फुग्यांत इंग्रजीतून लिहायचं.

"तू चित्र काढ, आमी फुगे भरतो," म्हणत रागिणीने प्रणालीला आपल्या गटात ओढलं. त्या दिवशी मी असा झरझर चाललो, की मला स्वतःचाच अभिमान वाटला. चौथ्या चौकटीत चोराचा मोठा चेहरा काढून प्रणाली पाणी प्यायला गेली.

रागिणीने मला उचललं. चोराला दोन वेण्या काढल्या आणि नाकाशेजारी प्रणालीच्या नाकाजवळ आहे तसाच तीळ काढला. गटातल्या किशोरने स्किन कलरचा खडू पुढे केला.

"तो काहून? हिले काळाच लागते," रागिणी म्हणाली.

आणि ती मला घासत सुटली. डोळे, तोंड आणि तिळाभोवतीची जागा तेवढी सोडून कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे. माझं टोक चेपलं तरी तिचा हात थांबला नाही. माझी निम्मी शाई त्या एका चेहऱ्यात गेली.

प्रणाली परत आली तेव्हा कागद मॅडमच्या हातात होता. मॅडम खळखळून हसल्या. "एक्स्प्रेशन किती छान आलंय," म्हणाल्या, आणि चोराचा फुगा त्यांनी प्रणालीलाच वाचायला लावला. ती वाचू लागली, "आय अ‍ॅम अ थीफ. प्लीज फरगिव्ह मी." मुलं बाकं बडवत होती. कागद महिनाभर भिंतीवर होता. पालकसभेला मामी आल्या, त्याही बघून हसल्या.

प्रणाली रडली नाही. मला वाटलं, पोर धीराची आहे. माझा अंदाज साफ चुकला.

दिवाळीनंतरच्या धड्यात एक चेटकीण होती. पुन्हा गट, पुन्हा चौकटी. या वेळी प्रणाली आपणहून रागिणीजवळ जाऊन बसली.

"चेटकीन कोनासारखी काढू, सांगू काय?" तिने हळूच विचारलं, आणि भुवईने मागच्या बाकाकडे खूण केली. रागिणी तोंडावर हात ठेवून हसली.

पण मी वाळलो होतो. कागदावर नुसती राखाडी रेघ उठली. देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं.

तेवढ्यात मागून मोनाली आली. "वाळला काय व? आन इकडे." तिने माझं बूड दातांनी उघडलं, बाटलीच्या झाकणातून पाण्याचे थेंब आत सोडले, मला झटकलं आणि आपल्या तळहातावर रेघ ओढून पाहिली. रेघ काळीभोर उठली.

"घे. काय काढून राहिली?"

"काई नाई. तू बस न जाग्यावर," प्रणाली म्हणाली.

मग तिने चेटकिणीचे डोळे काढले. एक सरळ, एक तिरळा. रागिणीने टाळीसाठी हात पुढे केला, आणि प्रणालीने टाळी दिली.

मित्रांनो, स्केचपेनाचं टोपण लावा, तो वाळला तर त्याला पाणी पाजा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. माझ्याकडून असं काही काढून घ्यायचं असेल, तर मला वाळून जाऊ द्या.

मागच्या बाकावर मोनाली तळहात पुसत होती. "झालं काय व?" ती म्हणाली. "दाखव न मले."