दुसरा डबा

परदेशी जाणाऱ्या कोळंबीची तपासणी करायला सरकारी मान्यता मिळावी म्हणून काळुरामशेठनी देव पाण्यात घालून ठेवले होते. शिवराम वर्तक नावाचे अधिकारी वागळे इस्टेटमधली त्यांची प्रयोगशाळा बघायला आले, तेव्हा शेठनी साहेबांची खुर्ची स्वतःच्या उपरण्याने पुसली. धोतर परीटघडीचं, टोपी कडक. लेकीला बघायला पाहुणे आले असते तरी एवढी धावपळ झाली नसती.

मालू, त्यांची सून, पांढरा कोट घालून टेबलाशी उभी होती. तिचं साहेबांकडे लक्ष नव्हतं. गणू या घरोब्यातल्या माणसाच्या तळ्यातल्या कोळंबीची तपासणी आज पुरी झाली होती, आणि ती कशी निघाली ते तिने सकाळी आल्याआल्याच पाहिलं होतं.

प्रयोगशाळा खरी मालूच्या नवऱ्याची, आनंदाची. दोघं ठाण्याच्या कॉलेजात एका वर्गात होती. खाडीकाठी कोळंबीची तळी खोदली जाऊ लागली तशी त्याने हा गाळा घेतला, रंग दिला, टेबलं मांडली आणि कावीळ होऊन आठवड्यात गेला. गाळा विका, पोरीला माहेरी धाडा, असं भावकीचं म्हणणं. काळुरामशेठनी कुणाचं ऐकलं नाही. कोपरीच्या बाजूची उरलीसुरली मिठागराची जमीन विकून त्यांनी यंत्रं आणली आणि गाळ्याची किल्ली सुनेच्या हातात दिली. माणूस असा डोंगराएवढा वागला की त्याच्यापुढे तोंड उघडायची चोरी होऊन बसते. मालूचं तेच झालं होतं.

आणि बोलण्यासारखं तर होतंच. कुणाचा नमुना खराब निघाला की शेठ स्वतः पायरीवर जात, त्या माणसाला पाणी देत, पाठीवर हात ठेवत आणि म्हणत, “काय बिघरत नाय. दुसरा डबा आन.” दुसरा डबा येई आणि तो हमखास चांगला निघे. निघणारच! तळ्यातली कोळंबी घरी ठेवून लोक खाडीतली धरून आणत. मालूने लहानपणापासून दोन्ही सोललेल्या. तिला काय ते कळत नव्हतं? पण ती मान खाली घालून सही करी आणि घरी जेवताना घास तिच्या तोंडात फिरत राही.

म्हाताऱ्याला मात्र यात काही वावगं दिसतच नव्हतं. त्यांच्या लहानपणी व्यापाऱ्याने मीठ काळं म्हणून बापाच्या गाड्या दारातून परत लावल्या होत्या. बाप त्या रात्री जेवला नाही. आपल्या दारातून असं कोणी परत जायचं नाही, ही गाठ पोराने तेव्हाच मारली. भल्या माणसाने भल्या मनाने मारलेली गाठ. ती सोडवायची कुणी?

वर्तकसाहेबांनी काटा पाहिला, बाटल्या पाहिल्या, फ्रीजमध्ये डोकावले. सगळं नीटनेटकं होतं. मग ते म्हणाले, “आता नापास केलेला एखादा नमुना दाखवा.”

शेठचा चेहरा फुलला. “एक बी नाय, साहेब! आमचे दारातून आजपावेतो कोन नाराज गेला नाय.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “काळुरामशेठ, मग लोक इथे तपासायला येतात की आशीर्वाद घ्यायला?”

शेठ हसले, आणि सुनेच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच थांबले.

“नापास झालेत, सर,” मालू म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “दर वेळी आम्ही दुसरा डबा मागवला. सही माझी आहे.”

“मालू!” शेठ ओरडले. एरवी ते तिला ‘बाय’ लावल्याशिवाय हाक मारत नसत.

“आजचा काही निकाल आहे?” साहेबांनी विचारलं.

तिने काचेची बशी आणून उजेडात धरली. बशीभर मुद्दाम वाढवलेल्या जंतूंची पांढुरकी साय धरली होती, पण जिथे कोळंबीचा रस ठेवला होता त्याच्याभोवती स्वच्छ, गोल जागा मोकळी राहिली होती. औषध असतं तिथे जंतू वाढत नाहीत. गणूने आजारी कोळंबीला माणसांचं औषध घातलं होतं आणि ते अजून तिच्या अंगात होतं. हीच कोळंबी उद्या कुणाच्या तरी ताटात जायची, पोराबाळांच्या पोटात जायची. शेठनी वाकून पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

“कोनाचा?”

“गणूचा.”

गणू आनंदाचा जिवलग. तिरडीला खांदा देणाऱ्यांत पुढे तोच होता. निकाल विचारायला तो सकाळपासून बाहेर पायरीवर बसला होता, आणि इथली रीत ठाऊक असल्याने दुसरा डबा बरोबरच घेऊन आला होता.

“मग काय करणार?” साहेबांनी विचारलं, ते शेठना नव्हे, मालूला.

मालूने सासऱ्याकडे पाहिलं. या माणसाला आपण आज परक्यासमोर उघडं पाडलं, या विचाराने ती मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. तरी ती म्हणाली, “नापास. आणि दुसरा डबा घ्यायचा नाही.”

साहेबांनी फाईल मिटली. “मान्यता आज देता येणार नाही. सहा महिन्यांनी येईन. तोवर काय केलंत ते मला दिसू दे.” शेठना नमस्कार करून ते मागच्या जिन्याने उतरले.

मालू बाहेर निघाली. गणूला सांगणं भाग होतं. तेवढ्यात शेठनी तिच्यापुढे हात आडवा धरला.

“थांब. तू नको.”

आता हे बाहेर जाणार, पाणी देणार आणि पुन्हा तेच म्हणणार, असं तिला वाटलं. ती दारातच उभी राहिली. शेठ पायरीवर गणूच्या शेजारी बसले. पाण्याचा पेला त्यांनी पुढे केला, पण पाठीवर हात ठेवला नाही.

“गनू, तुझा माल खराब निघाला. यो डबा घरी ने.”

गणूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठला. “काका, आनंदा असता तर असा केला असता?”

शेठनी पेला पायरीवर ठेवला. “आनंदा असता तर त्यानंच तुला सांगितला असता. तो नाय, म्हनून मना यावा लागला.”

गणू पाण्याला न शिवता डबा घेऊन गेला. त्या दारातून नाराज होऊन गेलेला तो पहिला माणूस. शेठ त्याच्या पाठीकडे बघत राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत आले. आता किल्ली मागतील, मालूला वाटलं.

“बाय,” ते म्हणाले, “यापुढं कोनाचा वाईट निघाला तर मना हाक मार. असली बातमी तू एकटीनं सांगायची नाय.”

मालूला हुंदका आवरेना. आनंदा गेल्याचंही तिला त्यांनीच सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला पुढे न होऊ देता.