एका हाताची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. उजवा हात असलेली, डावा नसलेली. भिलाईत सेक्टर सहाच्या एका क्वार्टरमध्ये खिडकीपाशी असते. घरात येणारा प्रत्येक जण विचारतो, "हिले एकच हात कावून?" तेच सांगते.

मी सागवानाची, इंग्रजांच्या काळातली. तेव्हा मला दोन्ही हात होते. मला एका कोर्टात नेलं. तिथली रीत अशी, की कारकुनाला स्टूल आणि वरच्या अंमलदाराला हातांची खुर्ची. वरचे अंमलदार दोन होते. शिरस्तेदार नरहरी कोर्टाचे कागद सांभाळत, नाझर मारोतराव समन्स आणि जप्ती बघत. दोघांचा हुद्दा सारखा, आणि हातांची खुर्ची मी एकटीच!

"मी आधी रुजू झालो, नाझरसाहेब. खुर्ची माही."

"बापाच्या घरून आणली का? उठा, मले बी बसू द्या!"

नरहरी पाणी प्यायला उठले की मारोतराव येऊन बसत. मग नरहरींनी पाणी पिणंच सोडलं. पक्षकार बाहेर उन्हात उभे, आणि आत हे असं. मला नवल वाटे. माणूस बसतो तर खाली, मग हातांसाठी एवढा का भांडतो?

शेवटी गोरा साहेब कंटाळला. त्याने सुतार बोलावून माझा डावा हात काढला आणि दुसऱ्या, बिनहाताच्या खुर्चीला लावला. मला वाटलं, आता दोघंही रुसतील. पण दोघंही खूश! समोरच्याला दोन नाहीत ना.

पुढे जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा नरहरींनी मला घरी नेलं. त्यांचे नातू विद्याधर इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेत. घरात त्यांची सून गीतांजली आणि तिची तान्ही उर्वी.

उर्वीचं वजन वाढत नव्हतं. पलंगावर घेतलं की दोन घोट पिऊन रडायची. गीतांजलीला घास गोड लागेना. एका दुपारी ती थकून माझ्यावर बसली. माझ्या हातावर तिचं कोपर, कोपरात उर्वीचं डोकं, आणि डावीकडे अडवायला काही नाही म्हणून उर्वीचे पाय मोकळे. पोर पोटभर प्यायली. मग रोज तिथेच.

काल विद्याधर पावर हाउसच्या बाजारातून सुतार घेऊन आले. "भैया, इसका दूसरा हाथ लगा दो."

"बाबा, नका ना!" गीतांजली उर्वीला घेऊन माझ्यावरच बसली. "आत्ता कुठं वजन वाढून राहिलं तिचं. हात लागला तर पाय कुठं टाकंल ती?"

"अगं, पण आजोबाची खुर्ची अर्धी दिसते. त्यांचा मान..."

उर्वी पीत होती. माझा डावा हात काढला तिथे उरलेल्या खाचेपाशी तिची टाच हलत होती. विद्याधरांनी खाचेवरून बोट फिरवलं. कुसळ टोचलं तसं झटकन मागे घेतलं.

"भैया, हाथ रहने दो," ते म्हणाले. "बस ये घिस दो. बच्ची को चुभेगा."

आज खाच गुळगुळीत आहे. उर्वीची टाच तिथे लागते, तेव्हा माझा डावा हात आठवतो. कुठे असेल तो? कोण टेकत असेल त्यावर?

तुमच्या पाहण्यात डावा हात असलेली, उजवा नसलेली खुर्ची आली, तर तिला भंगारात देऊ नका. आधी विचारा, घरात तान्हं आहे का.