पांढुर्णा ते तिगाव

रात्रीच्या गाडीला झोपण्याचा डबा लागणार म्हणून आमच्या पांढुर्ण्यात पेढे वाटले. वाटणाऱ्यांत माझे शेजारी दुकानदार पुंडलिकराव सगळ्यात पुढे. आता थर्ड क्लासच्या माणसालाही स्वतःची फळी, तिच्यावर नंबर, आणि भोपाळपर्यंत खुशाल आडवं होऊन जायचं. पुढं सगळ्याच गाड्या अशा होतील, असंही त्यांनी मला ऐकवलं. मी पेढा खाल्ला. गोड लागला नाही, पण वाटणाऱ्याला तसं तोंडावर कसं म्हणायचं?

माझा मुलगा श्रीकांत सचिवालयात कारकून आहे. राजधानी नागपूरला होती तोवर दर शनिवारी घरी यायचा. मग प्रांतांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मराठी बोलणारे असून मध्यप्रदेशातच राहिलो, आणि श्रीकांतची खुर्ची भोपाळला हलली. तेव्हापासून तो दिवाळीला येतो आणि उन्हाळ्यात येतो. त्याची आई त्याआधीच गेली. संध्याकाळी दुकान बंद केलं की दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत मला माझा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.

भोपाळच्या गाडीत पांढुर्ण्याला शिरायचं म्हणजे हाणामारीच. म्हणून मी एक युक्ती काढली होती. श्रीकांत निघायचा त्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं मी उलटा नरखेडला जायचो. नरखेडही आता मुंबई राज्यात. म्हणजे पोराला जागा धरायला बाप परराज्यात जात होता. काटोल-नरखेडची माणसं उतरली की सामानाची वरची फळी मोकळी व्हायची. मी तिच्यावर चढायचो, सतरंजी अंथरायचो, चादर डोक्यावरून ओढायचो आणि कण्हायला लागायचो. आजारी म्हाताऱ्याला कोणी उठवत नाही. मी इतका झकास कण्हायचो की एकदा एका बाईनं मला सुंठ चघळायला दिली. पांढुर्ण्याला श्रीकांत चढला की मी खडखडीत बरा.

पण मी तिथं उतरायचो नाही, पुढच्या तिगावपर्यंत जायचो. फळीवर आम्ही दोघं माना वाकवून, गुडघ्याला गुडघा लावून बसायचो आणि श्रीकांत बोलायचा. घरी तो बोलत नाही. घरी सौंसरहून त्याची बहीण प्रतिभा पोरांना घेऊन आलेली असते, मित्र येतात. माझ्या वाट्याला 'जेवले का' एवढंच. सांगून आलेलं स्थळ मनाला येत नाही, हे त्यानं मला फळीवर सांगितलं. आई गेली तेव्हा कोरडा राहिलेला पोरगा वर्षानं त्या फळीवरच रडला. तिगावला मी उतरायचो आणि सकाळच्या गाडीची वाट बघत बाकावर बसायचो. डास फोडून काढायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही.

या दिवाळीला आला तो दारातच म्हणाला, "बाबूजी, एक गोष्ट बोलाची हाय तुमच्यासंगं. गाडीत बोलू."

सगळी दिवाळी मी तेवढ्यावर काढली. काय असेल म्हणून नाना तर्क लढवले. शिवाय या खेपेला मलाही एक गोष्ट बोलायची होती. मला एकट्यानं राहवत नाही, मला तुझ्यासोबत घेऊन चल, असं त्याला सांगायचं मी ठरवलं होतं. घरी प्रतिभेसमोर ते माझ्या तोंडून निघालं नसतं. आम्ही बापलेक सारखेच.

निघायच्या आदल्या दिवशी श्रीकांत स्टेशनवरून हसत आला. नव्या डब्यात त्याला खालची, खिडकीजवळची फळी मिळाली होती. आता नरखेडला जायचं काम नाही, मस्त घरी झोपा, असं त्यानं मला सांगितलं. प्रतिभेचा जीव भांड्यात पडला. या वयात बापाचे हे उद्योग तिला कधीच पसंत नव्हते. मी म्हटलं, बरं झालं.

तरी मी तिगावचं तिकीट काढलं. नव्या डब्याच्या दारात रेल्वेचा माणूस उभा होता. नंबर नसलेल्याला आत सोडता येत नाही, असं त्यानं नीट सांगितलं. श्रीकांत माझ्या पाया पडला, थंडीत उभे राहू नका म्हणाला आणि चढला. शिटी झाली तसा मी मागच्या साध्या डब्याकडे पळालो आणि दांडीला धरून, एका पायावर तिगावपर्यंत आलो.

उतरल्याबरोबर पुढं धावलो. पहिली ठोठावलेली खिडकी चुकली. आतल्या माणसानं माझा उद्धार केला. दुसरी श्रीकांतची होती. केस विस्कटलेले, डोळे झोपेनं लाल.

"बाबूजी? तुमी इथं काहून?"

"तू म्हनला होता, गाडीत बोलू."

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"हाव, म्हनलो होतो. पन आता आठवूनच नाही राहिलं. जाऊ द्या, तसं काही खास नसंन." आणि पोरगा चांगला आहे म्हणूनच त्यानं विचारलं, "तुमाले काही बोलाचं होतं का?"

त्याच्या मागं सगळा डबा हातपाय पसरून झोपला होता. माझ्या पोराला असं झोपायला मिळावं म्हणूनच तर मी इतके दिवस कण्हत आलो होतो. त्याला जांभई आली. ती दाबून तो माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "झोप तू."

त्यानं खिडकी ओढून घेतली. गाडी हलली. शेवटचा डबा फलाटाच्या बाहेर गेल्यावर मी मोठ्यानं म्हटलं, "श्रीकांत, मले एकट्यानं राहवत नाही रे."